अमेरिकेत घराच्या वेदरायझेशनसाठी सरकारी मदत: पात्रता, अर्ज आणि घराची ऊर्जा-तपासणी

अमेरिकेतली मराठी माणसं म्हटलं की आयटीतलं जोडपं डोळ्यांसमोर येतं. पण केवळ सोशल सिक्युरिटीवर जगणारी निवृत्त जोडपी, एकटीने मुलं वाढवणाऱ्या बाया, नोकरी गेल्यावर घराचा हप्ता कसाबसा भरणारी कुटुंबं, दुकानात नाहीतर मोटेलवर राबणारे लोक, हेही आपलेच. यांतली बरीच मंडळी जुन्या लाकडी घरांत राहतात. जानेवारीत थर्मोस्टॅट खाली ठेवून घरात जाकीट घालून बसतात आणि तरीही गॅसचं बिल पाहून धसका घेतात. त्यांच्यासाठी केंद्र सरकारची एक योजना १९७६ पासून चालू आहे. मला भेटलेल्या अशा बहुतेक कुटुंबांनी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

योजनेचं नाव वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅम. वेदरायझेशन म्हणजे घरातली ऊर्जा वाया जाऊ नये म्हणून घरात करायच्या सुधारणा. १९७३च्या तेलसंकटानंतर इंधनाच्या किमती भडकल्या, त्याची झळ गरीब घरांना सर्वांत जास्त बसली आणि तीन वर्षांनी संसदेने हा कायदा केला. पैसा ऊर्जा खात्याकडून राज्याला जातो आणि राज्याकडून गावातल्या किंवा काउंटीतल्या संस्थेला. ही बहुधा कम्युनिटी ॲक्शन एजन्सी म्हणून ओळखली जाणारी ना-नफा संस्था असते. तुमच्या हातात रोख रक्कम येत नाही. संस्थेची माणसं घरी येतात, घर तपासतात, फटी बुजवतात, माळ्यावर इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) घालतात, गरज असेल तर फर्नेस (घर तापवणारं यंत्र) दुरुस्त करतात. घरमालक स्वतः त्या घरात राहत असेल तर त्याला याचे पैसे द्यावे लागत नाहीत.

लाइहीप नावाची योजना वेगळी आहे. १९८१ पासूनची ही योजना आरोग्य खात्याची असून ती बिल भरायला मदत करते. मदत वर्षापुरती मिळते, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो. वेदरायझेशनमुळे मात्र बिलच कमी होतं आणि तो फायदा पुढे अनेक वर्षं चालू राहतो. पुष्कळ ठिकाणी दोन्हींचं ऑफिस एकच असतं, म्हणून दोन्ही अर्ज एकाच फेरीत द्यावेत.

पात्रता: आधी घरात कोण कोण राहतं ते मोजा

आपल्या लोकांचा सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो. या योजनेत कुटुंब म्हणजे एका घरात एकत्र राहणारे सगळे, मग नातं काहीही असो. आईवडील मुलाच्या घरी राहत असतील तर मुलाचा आणि सुनेचा पगारही मोजला जातो. टॅक्सचा फॉर्म वेगळा भरला म्हणून कुटुंब वेगळं होत नाही. आईवडील स्वतंत्र घरात राहत असतील तर फक्त त्यांचंच उत्पन्न बघतात.

केंद्राची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या २०० टक्के इतकी आहे. २०२५च्या आकड्यांनुसार अलास्का आणि हवाई सोडून इतर राज्यांत ही रक्कम एकट्या माणसाला वर्षाला ३१,३०० डॉलर, दोघांना ४२,३०० आणि चौघांना ६४,३०० डॉलर होते. दरवर्षी जानेवारीत आकडे बदलतात, त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षाचा तक्ता मागून घ्या. राज्याला लाइहीपची मर्यादा वापरायचीही मुभा आहे आणि ती राज्याच्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाच्या ६० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. मॅसॅच्युसेट्ससारख्या महाग राज्यात ही मर्यादा २०० टक्क्यांच्या बरीच वर असते. त्यामुळे इंटरनेटवर एक आकडा बघून ‘आपण बसत नाही’ असं ठरवू नका. चौकशीचा फोन फुकट आहे.

एक नियम फार उपयोगाचा आहे, तरी फार कमी लोकांना ठाऊक असतो. घरातल्या एका जरी माणसाला गेल्या १२ महिन्यांत एसएसआय (सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम) मिळालं असेल, तर ते सबंध घर आपोआप पात्र ठरतं. टॅन्फ या गरीब कुटुंबांसाठीच्या योजनेची रोख मदत मिळाली असेल तरीही तसंच. एसएसआय आणि सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसएसआय हे अत्यल्प उत्पन्न असलेल्या वृद्धांना, अंधांना आणि दिव्यांगांना मिळतं. आईला नेमकं काय मिळतं हे तिला सांगता येत नसेल तर मंजुरीचं पत्र काढून बघा.

उत्पन्न धरताना कर कापण्यापूर्वीची रक्कम धरतात. पगार, सोशल सिक्युरिटी, पेन्शन, व्याज, लाभांश, भाड्याचं निव्वळ उत्पन्न हे सगळं त्यात येतं. भारतातल्या बँकेतल्या एफडीचं व्याज, राज्य सरकारची किंवा एलआयसीची पेन्शन, पुण्याच्या फ्लॅटचं भाडं हे ‘तिकडचं’ म्हणून गाळायचं नसतं. तेही लिहा. रुपयांचे डॉलर करून, बँकेचं स्टेटमेंट जोडून, स्वच्छ लिहा. बहुतेकदा हे उत्पन्न धरूनही वृद्ध जोडपी मर्यादेच्या आतच राहतात, मग लपवून स्वतःला अडचणीत कशाला आणायचं? उलट काही गोष्टी उत्पन्नात धरत नाहीत: एखाद्याने दिलेली भेट, कर्जाऊ रक्कम, टॅक्सचा परतावा, कॉलेजची शिष्यवृत्ती, मुलांच्या पालनपोषणासाठी मिळणारी रक्कम (चाइल्ड सपोर्ट). मुलगा महिन्याला पाठवतो ते पैसे कुठे बसतात हे संस्थेला विचारूनच भरा.

घर स्वतःच्या मालकीचं आहे, म्हणून मदत मिळणार नाही ही समजूत चुकीची आहे. केंद्राच्या नियमांत मालमत्तेची अट नाही, फक्त उत्पन्नाची आहे. घर लाकडी असो, फिरतं मोबाइल होम असो की इमारतीतलं अपार्टमेंट, सगळे प्रकार चालतात.

व्हिसाचं म्हणाल तर नागरिक आणि ग्रीन कार्डधारक अर्ज करू शकतात. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरची माणसं केंद्रीय मदतीच्या पात्र वर्गात मोडत नाहीत. घरात काही जण नागरिक आणि काही व्हिसावर असतील तर राज्याचा नियम लागू होतो, तो अर्जाआधी विचारून लेखी घ्या. ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज चालू आहे त्यांनी सही करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारलेलं बरं. इथे मित्राच्या सल्ल्यावर विसंबू नये.

भाड्याच्या घरात राहत असाल तर

भाडेकरूही पात्र असतात, पण घरमालकाची लेखी परवानगी लागते. ती मिळवणं हाच अर्जातला सर्वांत अवघड भाग असतो, म्हणून मालकाशी बोलायला जाताना त्याच्या फायद्याची गोष्ट आधी सांगा: घर सुधारतं आणि त्याचा खर्च नसतो किंवा फार कमी असतो. काही ठिकाणी मालकाकडून थोडा वाटा घेतात. केंद्राचा नियम भाडेकरूच्या बाजूचा आहे. या कामामुळे घराची किंमत वाढली म्हणून ठरावीक मुदतीपर्यंत भाडं वाढवता येत नाही. ती मुदत राज्य ठरवतं आणि करारात लिहिलेली असते. त्या कराराची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

बहुमजली इमारतीत साधारण ६६ टक्के घरं पात्र कुटुंबांची असली तर संपूर्ण इमारतीचं काम होऊ शकतं. दोन किंवा चार घरांच्या इमारतीला ५० टक्के पुरतात. न्यू जर्सीत एका दुमजली घरात खाली आजी-आजोबा आणि वर दुसरं कुटुंब, अशी मांडणी पुष्कळ दिसते. तिथे दोघांतलं एक घर पात्र असलं तरी काम होतं.

अर्ज

संस्था शोधायला २११ या क्रमांकावर फोन करा आणि ‘वेदरायझेशन’ हा शब्द आवर्जून वापरा. नुसतं ‘बिलात मदत हवी’ म्हटलंत तर लाइहीपकडे पाठवतील. इंग्रजीत बोलायला संकोच वाटत असेल तर दुभाषा मागा. केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी भाषेची मदत देणं अपेक्षित आहे.

कागद साधारण हे लागतात: सगळ्यांची ओळखपत्रं आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक, उत्पन्नाचे पुरावे, घराची डीड (मालकीचा दस्त) किंवा भाडेकरार, आणि गेल्या १२ महिन्यांची वीज-गॅसची बिलं. तेल किंवा प्रोपेन वापरत असाल तर टाकी भरल्याच्या पावत्या. बिलं कंपनीच्या वेबसाइटवरून एकत्र उतरवता येतात. आईवडिलांच्या नावाचं खातं असेल तर त्यांच्या शेजारी बसून हे काम अर्ध्या तासात उरकतं आणि मुलांनी हे काम आपणहून करावं. वृद्ध माणसं फॉर्मच्या भीतीने हक्क सोडून देतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

अर्ज मंजूर झाला की प्रतीक्षायादी येते. ६० वर्षांवरचे वृद्ध, दिव्यांग, लहान मुलं असलेली घरं, आणि उत्पन्नाच्या मानाने ऊर्जेवर फार खर्च होणारी घरं यांना अग्रक्रम असतो. घरात ऑक्सिजनचं यंत्र असेल, कुणाला दमा असेल, तर ते अर्जात लिहा. यादी लांबली आणि काम सुरू होण्याआधी १२ महिने उलटले तर उत्पन्न पुन्हा दाखवावं लागतं. ते पत्र आलं आणि उत्तर दिलं नाही, तर नाव गळतं. भारतात दोन-तीन महिने जाणार असाल तर संस्थेला मुलाचा किंवा शेजाऱ्याचा फोन देऊन ठेवा. अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागा, अपील करायची सोय असते.

तपासणीचा दिवस

माझ्या मते सबंध योजनेचा गाभा हा दिवस आहे. योजनेत बसत नसलेल्यांनीही हा भाग नीट वाचावा, कारण खासगी तपासणीही याच पद्धतीने होते.

तपासनीस आधी बिलं बघतो, मग तळघरापासून माळ्यापर्यंत फिरतो. माळ्याची झडप बहुधा कपाटाच्या छतात असते आणि आपल्याकडे त्या कपाटात सुटकेसा, दिवाळीच्या माळा, पापडांचे डबे रचलेले असतात. आदल्या दिवशी ते रिकामं करा. फर्नेस आणि गरम पाण्याच्या टाकीभोवती चार फूट जागा मोकळी करा. माणूस बूट घालून घरभर फिरणार, कारण सुरक्षेसाठी ते त्याला लागतात. चालत असेल तर बुटांवर कापडी मोजे घालायची विनंती करता येते.

मुख्य चाचणी म्हणजे ब्लोअर डोअर. बाहेरच्या दारात कापडी चौकट ताणून बसवतात, तिच्यात मोठा पंखा असतो. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो आणि आतबाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक निर्माण करतो. बाहेर सर्व बाजूंनी ताशी २० मैल वारा सुटल्यासारखी ही स्थिती असते. मग जिथे जिथे फट आहे तिथून वारा आत येताना हाताला लागतो, इन्फ्रारेड कॅमेऱ्यात थंड पट्टे दिसतात आणि मीटरवर मिनिटाला किती घनफूट हवा गळते ते कळतं. त्या आकड्याला सीएफएम-५० म्हणतात. तो लिहून घ्या. काम झाल्यावर हीच चाचणी पुन्हा होते आणि दोन आकड्यांमधला फरक म्हणजे कामाची खरी पावती.

चाचणीपूर्वी खिडक्या बंद करायच्या, फायरप्लेसमधली राख काढायची आणि देवघरातली समई, निरांजन, उदबत्ती विझवायची. पंखा चालू असताना घरात कुठेही ज्योत नको. सकाळची पूजा आधी आटपून घ्या किंवा वेळ दुपारची मागा.

चाचणी बघताना बहुतेकांना धक्का बसतो, कारण वारा खिडक्यांतून जेवढा येतो त्याहून जास्त भलत्याच ठिकाणांहून येतो. छतात बसवलेले दिवे, माळ्याची झडप, बाथरूमच्या पंख्याची कड, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो ती जागा, चिमणीभोवतीची पोकळी, तळघरात घराच्या पायावर लाकूड टेकतं तो कोपरा. गरम हवा वर चढते, माळ्यातून निसटते आणि तिची जागा घ्यायला तळघरातून थंड हवा ओढली जाते. म्हणून आधी माळ्याच्या फटी बुजवायच्या आणि मगच त्यावर इन्सुलेशन. उलट क्रमाने केलं तर इन्सुलेशनमधून हवा वाहत राहते आणि पैसे वाया जातात.

यानंतर सुरक्षेची तपासणी. गॅसच्या उपकरणांतून कार्बन मोनॉक्साइड किती बाहेर पडतो ते मोजतात. घरातले सगळे एक्झॉस्ट पंखे आणि ड्रायर एकदम चालू करून, चिमणीतून धूर वर जातो की उलटा घरात येतो तेही बघतात. हे फार महत्त्वाचं आहे. गळकं घर घट्ट केल्यावर बाहेरची हवा कमी येते आणि सदोष गीझर विषारी वायू घरात सोडू शकतो. म्हणूनच घरात वायुवीजन किती हवं याचे ठरलेले निकष पाळावे लागतात. बरेचदा बाथरूममध्ये सतत मंद चालणारा पंखा बसवतात. तो बंद करू नका. आपल्या स्वयंपाकात फोडणी, तळण, कुकरची वाफ रोजची असते. शेगडीवरचा हूड धूर बाहेर टाकतो की नुसता गाळून परत घरातच सोडतो, हे तपासनिसाला मुद्दाम विचारा.

काय मिळेल आणि काय नाही

तपासणीतले आकडे संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये भरतात. प्रत्येक कामाच्या आयुष्यात वाचणाऱ्या पैशाला त्या कामावर होणाऱ्या खर्चाने भागून गुणोत्तर काढतात. ते १ किंवा जास्त असलं तरच ऊर्जाबचतीचं काम मंजूर होतं. फटी बुजवणं, माळ्यावर आणि पोकळ भिंतींत सेल्युलोज (कागदापासून केलेलं इन्सुलेशन) भरणं, गरम-थंड हवा नेणाऱ्या गळक्या डक्ट सांधणं, एलईडी दिवे ही कामं या कसोटीला सहज उतरतात. नव्या खिडक्या क्वचितच उतरतात, कारण त्या महाग असतात आणि त्यांनी होणारी बचत कमी असते. ‘शेजाऱ्यांना खिडक्या मिळाल्या, आम्हाला का नाही’ म्हणून रुसण्यात अर्थ नाही, आकडे घरागणिक बदलतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, धोकादायक फर्नेसची दुरुस्ती यांसारखी कामं आरोग्य-सुरक्षेच्या वेगळ्या तरतुदीतून होतात, त्यांना हे गुणोत्तर लागत नाही. राज्याने सरासरी दर घरामागे किती खर्च करावा याला केंद्राची मर्यादा आहे. २०२४ साली ती साडेआठ हजार डॉलरच्या आसपास होती. ती सरासरी आहे, तुमच्या घराला तेवढे मिळतीलच असं नाही. ऊर्जा खात्याच्या हिशेबाने घरामागे वर्षाला सरासरी ३७२ डॉलर वाचतात.

कधी तपासणीनंतर काम पुढे ढकलतात. छत गळतंय, भिंतींत बुरशी आहे, फार जुनी उघडी वायरिंग आहे, माळ्यावर ॲस्बेस्टसचा संशय असलेलं व्हर्मिक्युलाइट (जुन्या प्रकारचं खनिज इन्सुलेशन) आहे, अशा घरात इन्सुलेशन भरणं धोक्याचं असतं. हा नकार नाही. काय दुरुस्त केल्यावर पुन्हा यायचं ते लेखी देतात. अशा दुरुस्त्यांसाठी अलीकडे ‘वेदरायझेशन रेडीनेस फंड’ आहे, त्यात पैसे आहेत का ते तिथल्या तिथे विचारा. गावखेड्यातल्या घरांना कृषी खात्याच्या घरदुरुस्ती योजनेतूनही मदत मिळते आणि ६२ वर्षांवरच्यांना त्यात अनुदान असतं.

काम साधारण एक ते काही दिवसांत होतं. घर १९७८च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असण्याची शक्यता धरून काळजी घ्यावी लागते आणि त्याची पुस्तिका तुम्हाला मिळायला हवी. शेवटी प्रमाणित निरीक्षक येऊन काम तपासतो, आणि त्याने पास केल्याशिवाय काम पूर्ण झालं असं धरत नाहीत. याच दिवशी माळ्यावर त्याच्याबरोबर डोकवा, इन्सुलेशन सगळीकडे सारखं पसरलंय का बघा आणि दुसरा सीएफएम-५० विचारा. शंका असेल तर सही करण्यापूर्वी बोला.

उत्पन्न जास्त असेल तर

बऱ्याच राज्यांत वीज-गॅस कंपन्या स्वस्त किंवा फुकट तपासणी देतात. मॅसॅच्युसेट्समध्ये ‘मास सेव्ह’ या योजनेतून ती फुकट होते आणि इन्सुलेशनवर ७५ टक्के किंवा जास्त सूट मिळते. न्यू जर्सीत कमी उत्पन्नाच्या घरांसाठी ‘कम्फर्ट पार्टनर्स’ आहे. काही राज्यांनी २०२२च्या ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’ या कायद्यातल्या सवलती सुरू केल्या आहेत, त्यांत मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांनाही हीट पंपावर (घर गरम आणि गार करणाऱ्या विजेच्या यंत्रावर) ८,००० आणि इन्सुलेशनवर १,६०० डॉलरपर्यंत सूट आहे. आपलं राज्य त्यात आहे का ते राज्याच्या ऊर्जा कार्यालयाला विचारा.

जुने लेख वाचून फसू नका. घराच्या सुधारणांवरची ३० टक्के करसवलत आणि तपासणीवरची १५० डॉलरपर्यंतची सवलत, दोन्ही जुलै २०२५च्या कायद्याने ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या कामांसाठी बंद झाल्या. त्याआधी केलेल्या कामाच्या पावत्या असतील तर त्या वर्षाच्या विवरणपत्रात फॉर्म ५६९५ भरून सवलत घ्या.

खासगी तपासनीस निवडताना तो ब्लोअर डोअर आणि डक्टची चाचणी करतो का, बीपीआयचं (बिल्डिंग परफॉर्मन्स इन्स्टिट्यूटचं) प्रमाणपत्र आहे का आणि अहवाल लेखी देतो का, हे विचारा. खिडक्या किंवा सोलर विकणाऱ्या कंपनीची ‘मोफत तपासणी’ ही विक्रीची भेट असते. दारावर येऊन ‘सरकारी वेदरायझेशन’चं नाव घेणाऱ्या आणि बँकेची माहिती किंवा आगाऊ पैसे मागणाऱ्या माणसाला घरात घेऊ नका. खरी संस्था तुमच्या अर्जानंतरच येते. आईवडिलांना हे वाक्य फ्रिजवर चिकटवून द्या.

काम झाल्यावर अहवाल, दोन्ही चाचण्यांचे आकडे, करार आणि वॉरंटी एका फाइलमध्ये ठेवा. ज्या घराचं काम एकदा झालं, ते काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून १५ वर्षांनी पुन्हा पात्र होतं. नवं घर घेतलं असेल तर आधीच्या मालकाच्या काळात काम झालं होतं का, ते पत्ता सांगून संस्थेला विचारता येतं.